समुद्रात डोकवायचे कोठे?

डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात एक वाकडी नळी आणि पायांत रबरी पंख एवढ्या सामग्रीवर पाण्यात पालथे तरंगत राहायचे आणि खालचा समुद्र पाहायचा, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. हा शब्द ऐकला की लक्षद्वीप किंवा अंदमानचे चित्र डोळ्यांपुढे येते. कोमट, नितळ पाणी, प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे. अशा ठिकाणी जागा शोधायला फारसे कौशल्य लागत नाही. नावाडी नेईल तेथे उतरावे, काही ना काही दिसतेच.

परंतु सागरी जीवशास्त्राचा बराचसा पाया अशा पाण्यात घातला गेलेला नाही. तो घातला गेला इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, न्यूझीलंड यांसारख्या समशीतोष्ण देशांच्या थंड, हिरवट आणि पुष्कळदा गढूळ किनाऱ्यांवर. तेथे 'समुद्रात डोकवायचे कोठे?' हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. एकमेकींना लागून असलेल्या दोन लहान खाड्या घेतल्या, तरी एकीत समुद्रवनस्पतींचे जंगल असते आणि दुसरीत नुसता खडखडीत कातळ. एकीत पाच-सहा मीटर खोलवरचा तळ स्वच्छ दिसतो, तर दुसरीत स्वतःचा हातही नीट दिसत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर एकदम मिळाले नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षांत ते तुकड्यातुकड्यांनी हाती आले. त्यातले काही तुकडे निसर्गाविषयी आहेत: पाण्यातला उजेड, लाटांचा जोर, तळाचा खडक. शेवटचा तुकडा मात्र माणसाविषयी आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. या लेखात हा इतिहास क्रमाने पाहू या.

ओहोटीची वाट पाहणारा निसर्गतज्ज्ञ

पाण्याखाली पाहण्याचे साधन नव्हते, तेव्हा समुद्र स्वतःहून मागे सरकण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) या इंग्रज निसर्गतज्ज्ञाने नेमके हेच केले. १८५२ साली प्रकृतीच्या कारणाने तो लंडन सोडून डेव्हन परगण्यात आला आणि टॉर्की व इल्फ्राकूम येथील खडकाळ किनारे पालथे घालू लागला. इल्फ्राकूम ज्या ब्रिस्टल खाडीवर आहे, तेथे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरक आठ-नऊ मीटरांपर्यंत जातो. आपल्या मुंबईला तो साडेचार-पाच मीटरांच्या आसपास असतो. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास काही तास समुद्र कातळाचा एक मोठा पट्टा उघडा टाकून जात असे. त्या पट्ट्यातल्या पाण्याने भरलेल्या डबक्यांत गॉस डोकावत असे.

जागा निवडण्याची त्याची पद्धत आजही उपयोगी पडावी अशी आहे. उघड्या, सपाट खडकापेक्षा भेगा, कपारी आणि पुढे आलेल्या कातळाखालची सावलीची जागा तो आधी पाही. कारण उघडे आहे. ओहोटीच्या वेळी ऊन, वारा आणि कोरडेपणा हे सागरी प्राण्यांचे शत्रू असतात. जेथे ओल टिकते, तेथे समुद्रफुले, स्पंज, नळीत राहणारे कृमी टिकतात. १८५३ साली डेव्हनच्या किनाऱ्यावरील भटकंतीवरचे आणि १८५४ साली मत्स्यालयावरचे अशी त्याची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. याच सुमारास, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात समुद्रजीवांच्या काचेच्या टाक्या लोकांसाठी खुल्या झाल्या. त्या कामीही गॉसचा हात होता.

पुस्तके अतिशय लोकप्रिय झाली. रेल्वेमुळे किनारा शहरी माणसाच्या आवाक्यात आलेला होताच. घरोघरी दिवाणखान्यात काचेचे मत्स्यालय ठेवण्याची टूम निघाली आणि बादल्या, जाळी, छिन्न्या घेतलेल्या हौशी लोकांचे थवे गॉसने वर्णिलेल्या डबक्यांवर येऊन पोहोचले. समुद्रफुले खडकासकट फोडून नेली जाऊ लागली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या प्रकाराविषयी फार खेदाने लिहिले आहे. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली भरगच्च डबकी पुढे ओकीबोकी झाली, याला वडिलांच्या पुस्तकांची लोकप्रियताच कारणीभूत ठरली, आणि याचे दुःख खुद्द वडिलांनाही होते, असे तो सांगतो. एडमंड हा साहित्यिक होता. त्याचे वर्णन म्हणजे मोजमाप नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही त्याने मांडलेला पेच खरा आहे. चांगली जागा शोधून ती लोकांना सांगितली, की ती चांगली राहत नाही. मग शोधणाऱ्याने काय करावे? सांगूच नये काय?

या पेचाकडे आपण पुढे परत येणार आहोत. तोपर्यंत पाण्याच्या आत शिरू या.

पांढरी तबकडी

पाण्यातून किती खोलवरचे दिसते, हे मोजण्याची पहिली पद्धतशीर धडपड १८६५ साली भूमध्य समुद्रात झाली. अँजेलो सेक्की हा रोम येथील खगोलशास्त्रज्ञ आणि जेझुइट धर्मगुरू. सूर्याचा आणि ताऱ्यांच्या वर्णपटाचा अभ्यास करणारा हा माणूस. पोपच्या आरमाराचा अधिकारी चाल्दी याने त्याला पाण्याच्या पारदर्शकतेचे प्रयोग करण्यासाठी जहाजावर बोलावले. त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या व रंगांच्या तबकड्या दोरीने पाण्यात सोडल्या आणि कोणती तबकडी किती खोलीवर दिसेनाशी होते याच्या नोंदी केल्या. सूर्य किती वर आहे, आकाश ढगाळ आहे की स्वच्छ, पाहणारा पाण्यापासून किती उंचीवर आहे, जहाजाची सावली पडते की नाही, याचाही त्यांनी विचार केला. आज समुद्रात साधारणपणे ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी वापरतात आणि तिला सेक्कीचेच नाव आहे. इतक्या स्वस्त साधनाने इतकी वर्षे शास्त्राची सेवा केल्याची उदाहरणे थोडीच असतील.

समशीतोष्ण समुद्रात या तबकडीची खोली ऋतूप्रमाणे खूप बदलते. याचे कारण शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे असे आहे. उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रात वरचा थर वर्षभर गरम आणि त्यामुळे हलका राहतो. तो खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखा बसतो. नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषक द्रव्ये खाली अडकून पडतात. वर सूक्ष्म शैवाले फारशी वाढत नाहीत, आणि म्हणून पाणी नितळ दिसते. समशीतोष्ण समुद्रात हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन खाली जाते, वादळे पाणी ढवळून काढतात आणि खालची पोषक द्रव्ये वर येतात. वसंतात ऊन वाढले, की या खतपाण्यावर सूक्ष्म शैवालांचे अमाप पीक येते. पाणी हिरवट होते आणि तबकडी लवकर दिसेनाशी होते. उन्हाळ्याच्या अखेरीस हे खत बऱ्याच अंशी संपलेले असते. तेव्हा पाणी पुष्कळदा पुन्हा निवळते.

म्हणजे येथे पाण्याचा गढूळपणा आणि समुद्राची समृद्धी ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. जे पोषण पाणी हिरवे करते, त्याच पोषणावर केल्प नावाची तपकिरी रंगाची मोठी समुद्रवनस्पती पोसली जाते आणि केल्पच्या जंगलात मासे, शेवंडी, खेकडे, गोगलगायी यांना आसरा मिळतो. तेव्हा नुसते 'स्वच्छ पाणी' शोधून भागत नाही. भरपूर जीवन असलेली जागा योग्य ऋतूत आणि योग्य वेळी गाठावी लागते.

शिरस्त्राणापासून मुखवट्यापर्यंत

पाण्याखाली जाऊन प्रत्यक्ष पाहणाऱ्या जीवशास्त्रज्ञांत आंरी मिल्न-एडवर्ड्झ या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव पहिले घेतात. १८४४ साली त्याने सिसिलीच्या किनाऱ्यावर शिरस्त्राण घालून बुड्या मारल्या. पण त्याचे अनुकरण फार थोड्यांनी केले. थंड पाण्यात खडकाची बारकाईने पाहणी होण्यासाठी जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. १९३१ साली किचिंग या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने डेव्हनमधल्या वेम्बरी उपसागरात, आपल्या सहकाऱ्यांबरोबर, घरी बनवलेले शिरस्त्राण वापरून समुद्राखालच्या एका घळीचा अभ्यास सुरू केला. हे काम १९३४ साली प्रसिद्ध झाले. घळीच्या भिंतीवर वरून खाली जाताना कोणत्या वनस्पती आणि प्राणी कोणत्या क्रमाने लागतात, याच्या नोंदी त्यांत आहेत. पुढे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याने केल्पच्या जंगलाची पाहणी केली आणि १९४१ सालच्या आपल्या लेखात लाटांचा जोर व उजेड या दोन घटकांच्या संदर्भात तिची मांडणी केली. जागेचा स्वभाव ठरवणारे हे दोन घटक तेव्हापासून अभ्यासकांच्या पक्के ध्यानात राहिले.

शिरस्त्राण, हवेचा पंप आणि तो चालवणारा मदतनीस हा थाट सामान्य माणसाला परवडणारा नव्हता. ती अडचण १९३० नंतरच्या दशकात भूमध्य समुद्राच्या काठी दूर झाली. मासे मारण्यासाठी बुड्या घेणारे हौशी लोक तेथे काचेचे चष्मे वापरू लागले. फ्रान्समध्ये कॉर्ल्यू याने पायात घालायच्या रबरी पंखांचे पेटंट १९३३ साली घेतले. दोन डोळ्यांवरच्या दोन काचांऐवजी नाकही झाकणारा एकाच काचेचा मुखवटा आला आणि त्याला नळीची जोड मिळाली.

मुखवटा का लागतो, हे भौतिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे आहे. डोळ्यात प्रकाशकिरण वाकवण्याचे बहुतेक काम पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, करतो. हवेतून पारपटलात शिरताना अपवर्तनांकात मोठा फरक पडतो म्हणून किरण वाकतात. पाण्याचा अपवर्तनांक (सुमारे १.३३) पारपटलाच्या इतका जवळ आहे, की पाण्यात हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो आणि सारे अंधुक दिसते. मुखवटा डोळ्यांपुढे हवेचा थर परत आणून ठेवतो. मात्र आता किरण पाण्यातून काचेच्या वाटे हवेत येतात. म्हणून वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर आणि त्यामुळे मोठी भासते. नव्या माणसाने सांगितलेली माशाची लांबी थोडी कमी करून घ्यावी, हे बरे! नाक मुखवट्याच्या आत असण्यालाही अर्थ आहे. खोल जाताना आतली हवा दाबली जाते आणि मुखवटा चेहऱ्यावर आवळतो. नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. नुसत्या चष्म्यात ही सोय नव्हती.

नळी मात्र हवी तेवढी लांब करून चालत नाही. पाण्यात एक मीटर खाली गेल्यावर छातीवर वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्शाइतका जादा दाब पडतो आणि फुप्फुसात पृष्ठभागावरची हवा ओढणे स्नायूंना झेपत नाही. म्हणून स्नॉर्केल घातलेला माणूस पृष्ठभागाचाच प्रवासी राहतो. त्याला जे पाहायचे ते उथळ पाण्यातच असले पाहिजे आणि तेथेच लाटांचा धुमाकूळ सर्वांत जास्त असतो. जागेची निवड त्याच्या दृष्टीने इतकी महत्त्वाची का, हे यावरून कळेल.

कातळाची साक्ष

लाटांचा जोर मोजायचा कसा? एखादे यंत्र बसवले तर ते आजची लाट मोजते. पण गेल्या हिवाळ्यातल्या वादळाचे काय? वेल्समधल्या पेम्ब्रोकशायर परगण्यात मिलफर्ड हेवन नावाची लांब खाडी आहे. तिच्या तोंडाशी डेल फोर्ट हा जुना किल्ला आहे. १९४७ पासून तेथे शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्र-अभ्यासाचे केंद्र चालत आले. याच परिसरात बिल बॅलंटाइन (१९३७–२०१५) या तरुण संशोधकाने या प्रश्नाला एक साधे उत्तर शोधले.

तो लिम्पेट या टोपीसारख्या शंखाच्या गोगलगायींचा अभ्यास करीत होता. खाडीच्या तोंडाशी अटलांटिकच्या लाटा थेट आदळतात. आत जावे तसा जोर ओसरत जातो. त्याबरोबर कातळावरची वस्तीही बदलत जाते. उघड्या जागी बार्नेकलांचे चुनखडीसारखे पांढरट कवच सगळीकडे दिसते आणि ओहोटीच्या रेषेजवळ लाटांचा मार सोसणारी लवचीक केल्प असते. आतल्या, निवाऱ्याच्या जागी कातळ लांब तपकिरी शैवालांच्या झिपऱ्यांनी झाकून गेलेला असतो. अधल्यामधल्या जागी या दोन टोकांमधल्या पायऱ्या दिसतात. बॅलंटाइनने या पायऱ्यांना क्रमांक दिले आणि अत्यंत उघड्या किनाऱ्यापासून अत्यंत आडोशाच्या किनाऱ्यापर्यंत एक ते आठ अशी पट्टी तयार केली. ती १९६१ साली प्रसिद्ध झाली.

या पट्टीमागचा विचार असा, की खडकाला कायमचे चिकटून राहणारे जीव म्हणजे अनेक वर्षांच्या हवामानाची नोंदवही आहे. ज्याला तेथला मार सोसत नाही, तो तेथे उरतच नाही. विद्यार्थ्याने कातळावर काय आहे आणि काय नाही हे नीट पाहिले, तर यंत्राशिवाय त्या जागेचा स्वभाव कळतो. स्नॉर्केल घेऊन उतरणाऱ्याला तर हे ज्ञान जीव वाचवणारे ठरते. शांत दिवशी शांत दिसणारी खाडी नेहमीच तशी असते की नाही, हे पाणी सांगत नाही, पण कातळ सांगतो. अर्थात वेल्सची पट्टी जशीच्या तशी दुसऱ्या देशात लावता येत नाही. तेथल्या जाती वेगळ्या असतात. पण पट्टी बनवण्याची रीत सगळीकडे तीच.

ली गावची गोष्ट

१९६४ साली बॅलंटाइन न्यूझीलंडला गेला. ऑकलंड शहराच्या उत्तरेला, दक्षिण अक्षांश ३६ अंशांच्या थोडे पुढे, ली हे लहानसे मच्छीमार गाव आहे. त्याच्या जवळ ऑकलंड विद्यापीठाने १९६२ साली सागरी प्रयोगशाळा काढली होती. तिची सूत्रे बॅलंटाइनकडे आली. प्रयोगशाळेच्या समोर, किनाऱ्याला अगदी लागून गोट आयलंड हे चिमुकले बेट आहे. आतापर्यंत आपण पाहिलेल्या कसोट्या या जागेला लावून पाहा. किनारा पूर्वेच्या अंगाला असल्यामुळे नेहमीचे नैऋत्येचे वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. बेटामुळे आतल्या चिंचोळ्या पाण्याला आडोसा मिळतो. तळ खडकाळ आहे. पाण्याचे तापमान हिवाळ्यात १४ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर उन्हाळ्यात २० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे निसर्गाने आपल्याकडून काही कसर ठेवलेली नव्हती.

तरीही १९६० नंतरच्या दशकात तेथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नव्हते. स्नॅपर हा त्या भागातला लोकांच्या आवडीचा मासा आणि काटेरी शेवंडी, दोन्ही बेसुमार पकडली जात होती. शास्त्रज्ञांची निराळीच अडचण होती. खडकावर खुणा करून प्रयोग मांडावा, तर त्यातले प्राणी कोणीतरी जेवणासाठी उचलून नेई. १९६५ साली प्रयोगशाळेच्या समितीचे अध्यक्ष, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चॅपमन यांनी सरकारला लिहिले, की प्रयोगशाळेपुढचा समुद्र राखीव करावा. असे करण्यासाठी कायदाच नाही, असे उत्तर आले. मग कायद्यासाठी खटपट सुरू झाली. १९७१ साली सागरी राखीव क्षेत्रांचा कायदा झाला आणि १९७५ साली किनाऱ्याची सुमारे पाच किलोमीटर लांबी व समुद्राकडे ८०० मीटरपर्यंतचे पाणी राखीव घोषित झाले. मासेमारी पूर्ण बंद. शिंपलाही उचलायचा नाही. मात्र लोकांना येण्या-जाण्याची, पोहण्याची, बुड्या मारण्याची पूर्ण मुभा. कायद्याचा हेतू शास्त्रीय अभ्यासाचा होता, पण लोकांचा प्रवेशाचा हक्कही त्यातच लिहिलेला होता.

हा निर्णय सोपा नव्हता, हे विसरू नये. पिढ्यान्‌पिढ्या जेथे मासे धरले, तेथे आता हात लावायचा नाही, असे कोणाला सांगणे हा त्याच्या पोटाचा आणि सवयीचा प्रश्न असतो. विरोध झाला. शिवाय त्या वेळी शास्त्रज्ञांकडेही दाखवण्यासारखा पुरावा नव्हता. असे क्षेत्र देशात पूर्वी कधी झालेच नव्हते. हा खरे म्हणजे एक प्रयोग होता.

त्याचे फळ हळूहळू दिसू लागले. मोठे स्नॅपर परत आले. बाहेरच्या पाण्यापेक्षा आत त्यांची संख्या कित्येक पटींनी जास्त असल्याचे मोजणीत आढळले. शेवंडी वाढल्या. पण सर्वांत नवलाची गोष्ट कोणी आधी ठरवलेली नव्हती. राखीव क्षेत्र झाले तेव्हा तेथल्या तळाचा मोठा भाग उघडाबोडका होता. किना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काटेरी सी-अर्चिनांनी केल्प खाऊन टाकलेली होती. लोकांना वाटे, की या किनाऱ्याचा हा मूळचाच स्वभाव आहे. मोठे स्नॅपर आणि शेवंडी हे किना खाणारे प्राणी आहेत. ते परत आल्यावर किना कमी झाले, आणि किना कमी झाल्यावर केल्प वाढली. संशोधकांनी किनांना दोरा बांधून राखीव क्षेत्रात आणि बाहेर ठेवून पाहिले, तेव्हा आत ठेवलेले किना जास्त प्रमाणात खाल्ले गेले. पंचवीस वर्षांनी जुन्या नकाशाशी ताडून पाहिले, तर पूर्वीचे बोडके खडक बहुतेक ठिकाणी केल्पने झाकलेले आढळले. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. खडक तोच, लाटा त्याच, उजेड तोच. बदलली ती एकच गोष्ट, माणसाने काढून नेणे थांबवले. 'निसर्गतः चांगली' आणि 'निसर्गतः वाईट' जागा असा जो भेद आपण करतो, त्यातला काही भाग निसर्गाचा नसून आपलाच असतो.

गॉसच्या पेचाचे उत्तर

गोट आयलंडची कीर्ती पसरली आणि शास्त्रज्ञांसाठी राखलेल्या जागेकडे लोक लोटले. आज वर्षाला लाखांच्या संख्येने माणसे तेथे येतात. शाळांच्या सहली येतात. मुले मुखवटे घालून कमरेएवढ्या पाण्यात तोंड घालतात आणि मोठे स्नॅपर समोरून जाताना पाहतात. १९८१ साली पुअर नाइट्स बेटांभोवती आणि नंतर इतरत्रही अशी क्षेत्रे झाली. बॅलंटाइन यांना १९९६ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

डेव्हनची डबकी आणि ली गावचा किनारा यांत फरक काय? दोन्हीकडे शास्त्रज्ञांनी जागा दाखवली, दोन्हीकडे लोक आले. डेव्हनला आलेला माणूस बादली भरून घेऊन गेला, तर ली गावी आलेला रिकाम्या हाताने परत गेला. तेव्हा जागा सांगणे ही चूक नव्हे. पाहणे आणि नेणे या दोन गोष्टी वेगळ्या न करणे ही चूक होती.

पण गोष्ट येथे संपवली, तर ती खोटी होईल. नुसते पाहणेही अगदी निरुपद्रवी नसते. ओहोटीच्या कातळावर चालण्याने तेथल्या बारीक शैवालाच्या गालिच्यात राहणाऱ्या प्राण्यांवर परिणाम होतो, हे याच किनाऱ्यावरच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. माशांना खाऊ घालण्याने त्यांच्या सवयी बिघडतात, म्हणून तसे न करण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. शिवाय ८०० मीटरांची हद्द शेवंडींना माहीत नाही. त्या अन्नासाठी खोल पाण्याकडे जातात आणि हद्दीबाहेरच्या पिंजऱ्यांत सापडतात. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत राखीव क्षेत्रातल्या शेवंडींची संख्याही बरीच घटली. अखेर २०२५ साली न्यूझीलंडच्या संसदेने हाउराकी आखातासाठी कायदा करून ली येथील क्षेत्राची समुद्राकडची हद्द वाढवली. पन्नास वर्षांपूर्वीची रेषा अपुरी होती, हे पन्नास वर्षांच्या मोजणीतूनच कळले.

आपल्या किनाऱ्यावर

आपला कोकणचा समुद्र समशीतोष्ण नाही. येथे केल्प नाही, पाणी कोमट आहे आणि पावसाळ्यात नद्यांच्या गाळाने ते मातकट होते. पण प्रश्न तेच लागू पडतात. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटक आज स्नॉर्केल लावून प्रवाळ पाहतात. येथेही मच्छीमारांचा विरोध झाला आणि येथेही पोटाचा प्रश्न आहेच. ली गावची गोष्ट येथे जशीच्या तशी उतरवता येणार नाही. पण ती वर्गात मांडून चर्चा करता येईल.

किनाऱ्याजवळच्या शाळांना पाण्यात न उतरताही पुष्कळ करता येते. पंचांगात तिथी पाहून उधाणाच्या ओहोटीची वेळ काढावी. गावातले कोळी ती तोंडपाठ सांगतील. एका उघड्या आणि एका आडोशाच्या कातळावर दोरीचा चौकोन ठेवून त्यातले बार्नेकल, शिंपले, गोगलगायी, शैवाले मोजावीत. अशा पाच-सहा जागा झाल्या, की मुलांना स्वतःच्या गावाची पट्टी तयार करता येईल. जेटीवरून वजन बांधलेली पांढरी थाळी दोरीने सोडून ती कोठे दिसेनाशी होते ते दर महिन्याला लिहून ठेवावे. गोड्या पाण्याच्या तळ्यावरही हे जमेल. तळाला काच बसवलेल्या बादलीतून पाहिले तर मुखवट्याचे काम भागते. पाण्यात उतरायचेच झाले, तर पोहता येणाऱ्यानेच, जाणत्या माणसाबरोबर आणि बाहेर येण्याची वाट आधी पाहून उतरावे. पावसाळ्यात मुळीच उतरू नये.

आणि वहीत एक रकाना जास्त ठेवावा. या जागी वीस-तीस वर्षांपूर्वी काय होते, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारून त्यात लिहावे. आज जो कातळ बोडका दिसतो, तो पहिल्यापासून तसाच होता काय, हे विचारल्यावाचून कळत नाही. ली गावच्या लोकांनाही ते आधी ठाऊक नव्हते.